आठ संगणकांची इर्जिक

आधीच सांगून टाकतो, त्या निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही माझीच होती. निर्लेखन म्हणजे सरकारी दप्तरातून एखादी वस्तू कायमची कमी करणं. साध्या भाषेत, भंगारात काढणं. आमच्या जिल्हा परिषद शाळेतले आठ संगणक भंगारात काढावेत आणि ती खोली पोषण आहाराच्या तांदळासाठी मोकळी करावी, असं मी स्वतःच्या हातानं लिहून पाठवलं होतं. मला त्याची लाजबिज काही वाटत नव्हती. मी मुख्याध्यापक, एकतीस मे रोजी रिटायर होणार. बंद पडलेल्या आठ वस्तूंचा चार्ज दुसऱ्याच्या गळ्यात घालताना किती सह्या कराव्या लागतात, हे ज्यानं चार्ज दिलाय त्यालाच ठाऊक.

शाळा सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीकाठच्या एका लहानशा गावात. मी राहतो नाशिक रोडला. रोज मोटारसायकलनं येतो आणि निफाडकडच्या थंडीला शिव्या घालत परत जातो. नऊ वर्षं हेच चाललंय. ते संगणकही जवळपास माझ्याबरोबरच शाळेत आले, कुठल्याशा कंपनीची देणगी म्हणून. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग ते असे सुस्तावले की बटण दाबून मुलांची प्रार्थना उरकून यावं, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. गेल्या ऑक्टोबरपासून तर पडद्यावर सूचनाच येऊ लागली: तुमच्या विंडोजची मुदत संपली, नवी घ्या. नवी या मशिनांवर चढेना. वर विचारलं, तर उत्तर आलं, निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा, समिती तीस जानेवारीला पाहणी करून निर्णय देईल. मी दुसऱ्याच दिवशी पाठवला. इतकं चपळ काम मी आयुष्यात क्वचितच केलं असेल.

त्यात आडवी आली योगिनी मॅडम.

ही बाई जूनमध्ये नांदगावकडून बदलून आमच्याकडे आली. वय बत्तीस-तेहेतीस. तिसरी-चौथीचा वर्ग तिच्याकडे. संगणकाचं शिक्षण म्हणाल तर माझ्याएवढंच, म्हणजे सर्टिफिकेटापुरतं. पण प्रस्ताव गेल्याचं कळताच ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, मशिनं म्हातारी नाही झालेली. त्यांच्या डोक्यावरचं ओझं वाढलंय. विंडोज काढून लिनक्स टाकलं तर चालतील. फुकट मिळतं ते."

"मॅडम, फुकट कसं असतं ते मला विचारा. पहिले तीन महिने फुकट, चौथ्या महिन्यात बिल."

"याचं बिल येत नाही, सर."

"मग त्यात काहीतरी गोम असणार," मी म्हणालो आणि हजेरीपत्रकात डोकं घातलं.

ती वाद घालत बसली नाही. तिनं आधी स्वतःच्या लॅपटॉपवर ते लिनक्स टाकलं. पहिल्यांदा लॅपटॉप सुरूच होईना. दुसऱ्यांदा सुरू झाला, पण आवाज गेला. तिसऱ्यांदा आवाज आला आणि वायफाय गेलं. इंटरनेटवर कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांना विचारत विचारत चौथ्या खेपेला जमलं. हे मला कसं माहीत? तिनं दोनशे पानी वही केली होती, आणि तिच्यात स्वतःची प्रत्येक चूक तारखेसकट लिहिली होती. ती वही तिनं मला बिनदिक्कत वाचायला दिली. एकतीस वर्षांत मी हुशार शिक्षक पुष्कळ पाहिले. स्वतःच्या चुकांची वही हेडमास्तरच्या टेबलावर ठेवणारं माणूस हे पहिलंच.

डिसेंबरात तिनं आठांपैकी एक मशिन चालू करून दाखवलं. बटण दाबल्यापासून पाऊण मिनिटात पडदा स्वच्छ उजळला, वर सगळं मराठीत. माझ्या तोंडून "अरे!" निघालं. मी ते खोकल्यात लपवलं.

पण हेडमास्तर सहजासहजी हरत नसतो. मी म्हणालो, "मॅडम, झकास. पण उद्या तुमची बदली झाली की हे सांभाळणार कोण? मी मे महिन्यात जाणार. तुम्ही दोन-चार वर्षांत जाणार. मशिनं इथंच. गावात एकाला तरी यातलं ओ का ठो कळतं का? समितीचा पहिला प्रश्न हाच असणार. उत्तर आहे तुमच्याकडे?"

तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. अध्यक्ष आमचे रंगनाथ नाना, वय बहात्तर, कांद्याचे जुने बागाईतदार. योगिनी मॅडमनं तिथं विषय काढला: खोली वाचवायची तर तीस तारखेपर्यंत आठही मशिनं चालू हवीत आणि ती सांभाळणारं कोणीतरी गावात हवं. नाही तर तिथं तांदळाची पोती.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझाच प्रश्न विचारला. "मॅडम, फुकट देतो म्हंजे त्या मालकाचा धंदा काय?"

"त्याला एक मालकच नाही, नाना. जगभरातली माणसं आहेत. कोणी जर्मनीत, कोणी केरळात. कोणी एक तुकडा लिहितं, कोणी त्यातल्या चुका शोधतं, कोणी ते मराठीत आणतं. कोणी मजुरी मागत नाही. तयार झालं की सगळ्यांना मोकळं."

नानांनी मांडीवर थाप मारली. "आता कशी बोलली! मंग इर्जिक म्हण ना त्याला!"

आता इर्जिक ही गोष्ट पुष्कळांनी नुसती ऐकलेली असेल. एखाद्याची नांगरट मागे पडली, की तो गावाला हाक मारायचा. सगळे आपापले बैल, आपापलं औत घेऊन त्याच्या शेतात उतरायचे आणि एका दिवसात रान मोकळं करून द्यायचे. मजुरी नाही. मालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं आणि दुसऱ्याची हाक आली की आपण जायचं. ट्रॅक्टर आले तशी ती चाल बंद पडली. गावात शेवटची इर्जिक कधी झाली हे नानांनासुद्धा हिशेब करून सांगावं लागलं.

"सर," नाना माझ्याकडं वळले, "इर्जिकीत काय एकटं माणूस समदं रान नांगरीत नसतं. आठ मशिनी हायेत ना? आठ जण बसवू. ज्यानं त्यानं आपल्या हातानं आपलं मशिन चालू करायचं. मॅडमनी निस्तं सांगायचं. मंग यांची बदली होवो नायतर काय बी होवो, आठ जणांच्या हातात इद्या राहिली का नाय?"

माझा प्रश्न माझ्यासमोरच निकालात निघाला. मी म्हणालो, "लोक येतील का पण? कांद्याची लागण चालू आहे."

"रईवारी आवस हे. आवसेला कोन औत धरतो? समदे मोकळे."

अमावास्येला गावात कोणी बैल जुंपत नाही, हे नऊ वर्षांत मलाही कळलं होतं. विजेचं मुख्य बटण माझ्या ऑफिसात असल्यामुळे मी शनिवारी किल्ल्यांचा सगळा जुडगाच योगिनी मॅडमच्या हातात ठेवला आणि घरी गेलो. मी त्या रविवारी गेलो नाही. बघायचंच नव्हतं मला. त्या दिवशी काय झालं ते मला नंतर पाच जणांनी सांगितलं आणि पाचही जणांची हकिगत जुळली, म्हणून ती खरी मानतो.

सकाळी आठला माणसं जमली. आधी खोली झाडून काढली, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, मशिनांची झाकणं काढून धूळ उडवली. फवारणीच्या पंपाचा उपयोग त्यासाठी कोणी केला हे मला सांगायला सगळ्यांनी टाळलं. मग पेनड्राइव्हची गोळाबेरीज. प्रत्येक मशिनासाठी एक हवा होता. गावात पेनड्राइव्ह कुठं असतात? ट्रॅक्टरवर. गोटीराम कुटे म्हणून एक शेतकरी आहे, अठ्ठेचाळीस-पन्नाशीचा, अबोल माणूस. त्यानं आपल्या ट्रॅक्टरचा काढून दिला. त्यावरची चारशे गाणी पुसावी लागणार असं मॅडमनं सांगितलं, तर तो म्हणाला, "पुसा. ट्रॅक्टर काय गाण्यावर चालत नाय." एकानं बहिणीच्या लग्नाचं शूटिंग पुसू दिलं, अर्थात बहिणीला फोन करून विचारून.

फळ्यावर मॅडमनं अकरा पायऱ्या लिहिल्या. नियम एकच: आपली पायरी झाली की हात वर करायचा, आणि आठही हात वर झाल्याशिवाय पुढच्या पायरीला कोणी जायचं नाही. पुढं गेलेल्यानं मागच्याला मदत करायची. आठांत दोन बायकाही होत्या. त्यातली सगुणाबाई शेवंतीची फुलं घेऊन रोज पहाटे नाशिकच्या बाजारात जाणारी, तिनं तर पहिल्याच पायरीला मॅडमला ऐकवलं, "आवो, मोबाइलवर फुलाचा भाव मीच बघते घरात. भ्यायचं काय त्यात?"

मध्येच एका पायरीला संगणकानं विचारलं, या मशिनचं नाव काय ठेवायचं? मॅडम म्हणाली, काहीही ठेवा. लोकांनी आपापल्या बैलांची नावं ठेवली. सर्जा, ढवळ्या, पाखऱ्या. ज्यांचे बैल विकले गेले होते त्यांनी विकलेल्या बैलांची ठेवली. सगुणाबाईच्या मशिनचं नाव शेवंती.

दुपारी एकपर्यंत आठही मशिनं उजळली. रंगनाथ नानांच्या मंडळी कुसाबाई यांनी इर्जिकीचं जेवण आणलं होतं: बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि गुळाची लापशी. आंब्याखाली पंगत बसली. नाना म्हणाले, पोरांनो, मरायच्या आधी एक इर्जिक बघायची राहिली होती, ती बघितली. सगळे हसले, आणि कुसाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

इथपर्यंत सगळं गोड होतं.

सोमवारी मी आलो. ऑफिस उघडलं, माझा संगणक चालू केला आणि चहा सांगायला वळलो, तर मागे पडदा उजळलेला. माझा संगणक चहा संपल्याशिवाय कधी चालू होत नसे. आणि पडद्यावर, हिरव्या रंगावर, ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: हेडसर.

माझ्या त्या संगणकात शाळेचं जनरल रजिस्टर होतं. एकोणीसशे एकसष्टपासून शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, दाखल कधी, शाळा सोडली कधी, कारण, शेरा. एकूण चौदाशे बारा नोंदी. मी चार वर्षं, एका बोटानं, एक एक ओळ टाइप करून भरल्या होत्या. वरून मागणी आली होती की महिनाअखेर ही यादी संगणकीय स्वरूपात द्या, आणि तालुक्यात माझीच पहिली जाणार होती. प्रत काढून ठेवा, प्रत काढून ठेवा, असं मी शाळेत दर आठवड्याला सगळ्यांना सांगतो. मी स्वतः ठेवली नव्हती, आणि लिनक्स टाकताना मशिनमधलं आधीचं सगळं पुसलं जातं.

योगिनी मॅडमनं दोन तास खटपट केली. पुसलेल्यातून काही तुकडे निघाले, पण ते जोडण्यासारखे नव्हते.

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. शिक्षकानं बोलू नये असं बरंच होतं. मॅडम मान खाली घालून उभी होती. कोणी केलं विचारलं, तर म्हणाली, "किल्ल्या माझ्याकडे होत्या सर. जबाबदारी माझी." नाव सांगेना. मी म्हणालो, "ठीक. आजच अहवाल लिहितो. दप्तर नष्ट झालं, संगणक खोली तात्काळ बंद करावी. तुम्हाला नोटीस येईल, तिचं उत्तर वरच द्या." आणि खरोखर कागद ओढून लिहायला बसलो. खोली वाचवायचा तिचा सगळा खटाटोप माझ्या एका कागदानं संपणार होता, आणि हे तिला माहीत होतं.

तेवढ्यात दारात गोटीराम. शेतातून तसाच आलेला, पायाला चिखल. त्याला बातमी कशी लागली कोण जाणे. गावात बातमीला पाय असतात.

"सर, मॅडमला बोलू नका. ते म्या केलं."

"तू? का?"

"जेवून उठलो, हात धुवायला इकडं आलो, तर हे एक मशिन राह्यलेलं दिसलं. म्हणलं, इर्जिकीत कोपरा पडीक ठिवून कसं जायचं? मालकाला वाईट वाटंल. समदे पंगतीत व्हते, त्यांना कशाला उठवायचं. मंग म्याच बसलो. फळ्यावरच्या अकरा पायऱ्या ध्यानात व्हत्या. त्यानं नाव इचारलं, म्या हेडसर लिवलं."

राग तर होताच, पण त्या रागाच्या आत एक गोष्ट टोचायला लागली. हा माणूस आदल्या दिवशी सकाळपर्यंत कधी संगणकासमोर बसलेला नव्हता. त्यानं दुपारी, मदतीला कोणी नसताना, अकराच्या अकरा पायऱ्या एकट्यानं केल्या होत्या आणि एकही चुकली नव्हती. मशिन फुलासारखं चालत होतं. माझं वाटोळं त्यानं अगदी बिनचूक केलं होतं.

"त्यात काय होतं ठाऊक आहे का?" मी रजिस्टरचं सांगितलं. चार वर्षांचं सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर, वही हाय ना? कागदाची?"

"आहे. तीन मोठी बुकं. कपाटात."

"मंग बियाणं शाबूत हाय. परत पेरू."

तो गेला. मी अहवाल अर्धवट सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शाळेत आलो, तर रंगनाथ नाना, गोटीराम, सगुणाबाई, सगळे आठ जण व्हरांड्यात. कानाला मफलर, अंगावर शाली, तोंडातून वाफा. नाना म्हणाले, "सर, इर्जिकीत आपला बैल दुसऱ्याच्या पिकात घुसला, तर एकट्या बैलवाल्यानं भरून द्यायचं नसतं. समद्यांनी द्यायचं. रोज शाळा भरायच्या आधी दोन तास येतो. किती ओळी म्हणाला?"

"चौदाशे बारा."

"आठांनी भागा."

रजिस्टर मी कोणाच्या हातात देणार नव्हतोच. मॅडमनं पानांचे फोटो काढले आणि प्रत्येकाला आपापली पानं वाटून दिली. पहिल्या दिवशी एका माणसाच्या दहा ओळीही झाल्या नाहीत. जोडाक्षर सापडेना, काना कुठला आणि वेलांटी कुठली यावरून भांडणं. तिसऱ्या दिवशी वीस. पाचव्या दिवसापासून कोणाकडं बघायची गरज राहिली नाही. गाईंच्या धारा काढून, दूध डेरीला घालून माणसं यायची, हात शेकोटीवर शेकायची आणि बसायची. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, तरी त्यानंतर बसली. मी रोज संध्याकाळी त्यांचं काम बुकाशी ताडून बघायचो. चुका शोधायला बसायचो आणि फारशा सापडायच्या नाहीत. एकदा तर एका ओळीवर सगुणाबाईनं खूण करून ठेवली होती: या पोरीची जन्मतारीख बुकातच चुकलीय, ती माझ्या पाठची, माझ्याआधी कशी जन्मंल?

मलाही शिकावं लागलं. दुसरा इलाजच नव्हता, माझंही मशिन नांगरलं गेलं होतं. मी विचारायचो, माझी फाइल गेली कुठं? सगुणाबाई शेजारून हात लांब करून पडद्यावरचा कप्पा दाखवायची, "हे घर लिवलंय ना, त्यात. समदं घरात असतं." पहिले दोन दिवस मला त्याचा संताप यायचा. मग माझ्या लक्षात आलं की गेल्या आठवड्यात मी एकदाही चहा संपेपर्यंत संगणकाची वाट पाहिली नाही. मी योगिनी मॅडमला तसं बोलून दाखवलं. ती नुसती "हो का, सर?" म्हणाली. दुसरी असती तर मला ऐकवलं असतं.

एकोणतीस तारखेला सकाळी शेवटची पानं चालली होती. दुसऱ्या दिवशी समिती. मी खोलीतून फेरी मारत होतो, तर गोटीरामचे हात थांबलेले. तो पडद्यावरच्या फोटोकडं बघत होता.

"काय झालं? अक्षर लागत नाही का?"

"लागतंय," तो म्हणाला. "माझंच पान आलं."

मी वाकून पाहिलं. कुटे गोटीराम लहानू. आईचे नाव नवसाबाई. दाखल, जून एकोणीसशे त्र्याऐंशी. शाळा सोडली, नोव्हेंबर पंच्याऐंशी. इयत्ता तिसरी. कारण: गुरे राखण्यासाठी. त्यानं तिथपर्यंत सगळं टाइप केलं होतं, स्वतःचं नाव टाइप करताना न थांबता, न चुकता. थांबला होता तो शेवटच्या रकान्यापाशी. शेरा.

त्या वेळच्या हेडमास्तरांनी बारीक, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: मुलगा हुशार आहे. दोन वेळा घरी जाऊन आलो.

"मला म्हाईतच नव्हतं," गोटीराम म्हणाला. "मास्तर घरी आल्ते म्हणून. बापानं कधी सांगितलं नाय. मी रानात असंल गुरामागं." मग शेऱ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "दोनदा आल्ते."

त्यानं डोळे पुसले नाहीत की काही नाही. एक एक अक्षर शोधून तो शेरा टाइप केला आणि पुढच्या ओळीवर गेला.

मी व्हरांड्यात आलो. ही ओळ मी आधी टाइप केलेली होती. चार वर्षांपूर्वी केव्हातरी, याच बुकातून, एका बोटानं, हीच अक्षरं. मला ती आठवतसुद्धा नव्हती. नऊ वर्षं गोटीरामला मी रस्त्यानं येता-जाता राम राम घालत होतो. मला माझीच फार लाज वाटली. ऑफिसात जाऊन मी तो अर्धवट अहवाल फाडला आणि प्रस्ताव मागे घेत असल्याचं पत्र, माझ्याच संगणकावर, स्वतः टाइप केलं.

तीस तारखेला समिती आली: एक साहेब आणि एक इंजिनिअर. इंजिनिअरनं आठही मशिनं चालू करून पाहिली, मान डोलावली, आत काय टाकलंय ते विचारलं आणि योगिनी मॅडमशी बोलण्यात रमून गेला. तिची दोनशे पानी वही तो उभ्यानंच चाळत बसला. साहेब मात्र कागदाचा माणूस, माझ्यासारखाच. त्यांनी फॉर्म काढला.

"प्रस्ताव मागे घेता, हरकत नाही. पण हा रकाना भरा. देखभाल करणाऱ्याचं नाव आणि शैक्षणिक पात्रता. मॅडमचं नाव चालणार नाही, त्यांची बदली होऊ शकते. स्थानिक माणूस पाहिजे. हा रकाना रिकामा राहिला तर मला निर्लेखनच करावं लागेल."

योगिनी मॅडमनं माझ्याकडं पाहिलं. खोलीच्या दारात आठही जण उभे होते. मी पेन काढलं आणि लिहिलं: श्री. गोटीराम लहानू कुटे. इयत्ता तिसरी. मुलगा हुशार आहे.

साहेबांनी ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मुख्याध्यापक, हे काय? असं कुठं लिहितात का पात्रतेत?"

"शाळेच्या जनरल रजिस्टरातली नोंद आहे, साहेब. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांच्या हातची. नियमानं मला त्यातलं एक अक्षर बदलता येत नाही." मी संगणक त्यांच्याकडं वळवला आणि ती ओळ दाखवली. "ते स्वतः दोनदा घरी गेले होते. त्यांना पोरगा परत मिळाला नाही. आम्हाला चाळीस वर्षांनी मिळालाय, साहेब. आता त्याला तांदळाच्या पोत्यांसाठी घालवू नका."

दारातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. ऐकू देत.

साहेबांनी ती ओळ पहिल्यापासून वाचली. मग त्यांनी दाराकडं मान वळवली. "यातले कुटे कोण?"

गोटीराम पुढं आला. आमच्या शाळेत ज्या खोलीतून तिसरीचं पोर गुरामागं गेलं, ती खोली हीच. त्या काळी तिथं तिसरीचा वर्ग भरायचा, हे मला नानांनी मागाहून सांगितलं. साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली, फॉर्म त्याच्यापुढं सरकवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. गोटीरामनं चिखलाचे हात पँटला पुसले, पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं.